मुलाची हकिगत लिहिणारा माणूस

“पुन्हा असं केलंस ना, तर रिमांड होमला धाडीन बघ!” असे कधीच कोणी बोलले नाही, असे घर आपल्याकडे विरळा. पूर्वी बागुलबुवा होता, मग पोलीस आला, आणि त्याच्यामागून हे रिमांड होम. पण ते असते कुठे, मूल तिथे कोणत्या वाटेने जाते आणि कोणत्या वाटेने परत येते, असे कोणी विचारले तर धमकी देणारा आणि ऐकणारा दोघेही गप्प बसतील. आजचे माझे बोलणे त्या वाटेवरच्या एका माणसाविषयी आहे. तो पोलीस नव्हे, वकील नव्हे आणि न्यायाधीशही नव्हे. सरकारी भाषेत त्याला परिवीक्षा अधिकारी म्हणतात. शब्द जड आहे खरा. अर्थ एवढाच की, मुलाला पारखून पाहणारा आणि पुढे काही काळ नजरेखाली ठेवणारा. गावात हा माणूस आला की लोक ‘प्रोबेशनचे साहेब’ म्हणतात, बाई असल्या तर ‘रिमांड होमच्या बाई’ म्हणतात, आणि पुष्कळदा नुसतेच ‘कुणीतरी चौकशीला आलंय’ म्हणून दार लोटून घेतात. हे दार लोटून घेणे त्या मुलाला किती महाग पडते, ते मला सांगायचे आहे.

आपण एक मुलगा समजू. कुंडल भागातला. त्याचे नाव विचारू नका. तो खरा असता तरी मला सांगता आले नसते, कारण अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. हा नियम फक्त वर्तमानपत्रांसाठी आहे असे आपण धरून चालतो. गावच्या मोबाईलच्या ग्रुपात ‘हाच तो चोर’ म्हणून फोटो टाकणाऱ्यालाही तो लागू आहे, बरं का.

तर हा मुलगा पंधरा वर्षांचा. नववीत नाव आहे, पण दिवाळीनंतर शाळेत फारसा दिसलेला नाही. एका रात्री तो दोघा मोठ्या माणसांबरोबर एका विहिरीवर गेला. मोटारीची केबल कापली, ओढ्यात नेऊन जाळली, आतले तांबे काढले आणि भंगारवाल्याला विकले. ज्याची मोटार होती त्या शेतकऱ्याचा ऊस पाण्यावाचून उभा राहिला. नवी केबल घ्यायची तर हातात पैसा नाही, आणि विजेची पाळी तर हुकलीच. त्याचा संताप खोटा नाही. दुसऱ्या दिवशी दोघे मोठे पसार झाले आणि हे धाकटे सापडले. बहुधा असेच होते. चौकात गर्दी जमली, कुणी कानाखाली वाजवली, कुणी म्हणाले, “आत्ताच सरळ केलं न्हाई तर उद्या दरोडे घालंल.”

इथून पुढे कायदा काय सांगतो ते आधी पाहू. सध्याचा कायदा २०१५ सालचा आहे आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला तो ‘आरोपी’ म्हणत नाही. त्यासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द आहे. गावात कोणी तो वापरणार नाही हे मलाही कळते, पण त्यातला अर्थ ध्यानात घ्या. मुलाचा कायद्याशी झगडा झाला आहे. मूल म्हणजे गुन्हेगार, असे कायदा म्हणत नाही. अशा मुलाला पोलिसांच्या कोठडीत ठेवता येत नाही, तुरुंगात पाठवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. साध्या चोरीसारख्या किरकोळ गुन्ह्यात तर ताब्यात घेण्याचेही सहसा कारण नसते. पोलिसांनी माहिती लिहून घ्यावी, आईबापांना कळवावे आणि मुलाला मंडळापुढे कोणत्या दिवशी आणायचे ते सांगावे, असा नियम आहे. ताब्यात घेतलेच, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे केले पाहिजे. आपल्या गोष्टीत मोठी माणसे सामील आहेत, म्हणून गुन्हा नोंदला जाईल. पण मुलाचे प्रकरण त्यांच्या खटल्यापासून वेगळे चालेल. आणि ज्या मोठ्यांनी मुलाला असल्या कामासाठी वापरले, त्यांना त्याबद्दल निराळी शिक्षा आहे. ती सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची आहे आणि वर पाच लाख रुपये दंड. चौकातल्या गर्दीने मार मात्र पोरालाच दिलेला असतो.

जामिनाचीही रीत मोठ्यांहून उलटी आहे. मोठ्या माणसाला जामीन का द्यावा हे पटवावे लागते. मुलाला का देऊ नये हे मंडळाने लिहावे लागते. सुटल्यावर तो पुन्हा त्याच गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, किंवा त्याच्या जिवाला, मनाला धोका होईल, अशी तीन-चार कारणेच कायद्याला चालतात. गरिबाला जामिनाची अट पुरी करता आली नाही तर सात दिवसांत मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचे आणि अट बदलायची, इतकी काळजी कायद्याने घेतली आहे. जामीन झाला नाही तर मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात. आपण ज्याला रिमांड होम म्हणतो ते हेच. चौकशी चालू असेपर्यंतची ती जागा. चौकशी संपून पाठवले तर ते विशेष गृहात. आणि ज्या मुलाने काहीच केलेले नाही, पण ज्याला आईबाप नाहीत किंवा जे घरातून पळाले आहे, त्याच्यासाठी बालगृह. त्याचा निर्णय बाल कल्याण समिती करते. तीन निरनिराळी दारे आहेत, आणि आपण तिन्हींवर एकच पाटी लावून ठेवली आहे. स्टेशनावर चुकलेले मूल दिसले तर ‘रिमांड होमला जाईल बिचारं’ म्हणून गप्प बसणारे भले लोक मी पाहिले आहेत. त्यांनी १०९८ हा क्रमांक फिरवला असता तर बरे झाले असते.

आता आपल्या माणसाकडे येऊ. मुलगा पहिल्यांदा मंडळापुढे आला, त्या दिवसापासून पंधरा दिवसांच्या आत त्याच्याविषयीचा सामाजिक अन्वेषण अहवाल मंडळाला हवा असतो. अन्वेषण म्हणजे शोध. चोरी कशी झाली याचा शोध पोलीस करतात. हा शोध मुलाचा. घरात कोण कोण आहे, कमावते कोण, आजारी कोण. मुलगा शाळा कधीपासून बुडवू लागला आणि का. मास्तरांचे त्याच्याविषयी मत काय, वर्गातली मुले त्याच्याशी कशी वागतात. काम करीत असेल तर कुठे, मजुरी किती आणि तिचे काय करतो. घरी किंवा बाहेर त्याला कोणी मारते का, छळते का. संगत वयाने बरोबरीची की मोठ्यांची. हे सगळे ठराविक नमुन्यात लिहावे लागते. नमुना मोठा आहे आणि तो कचेरीत बसून भरता येत नाही. निदान येऊ नये.

म्हणून सांगलीहून एक बाई एस.टी.ने निघतात, किंवा रेल्वेने किर्लोस्करवाडीला उतरून पुढे कुंडलच्या बाजूला येतात. त्यांच्याकडे असे एकच पोर नसते. दिवसात दोन-तीन गावे करायची असतात. घर विचारले की आधी शेजारच्या ओट्यावरून उत्तर येते, “त्येचं घर व्हय? त्या चोराचं?” नमुन्यातला एक रकाना तिथेच भरला म्हणायचा.

घरी आजी असते. आई ऊस खुरपायला गेलेली, बाप आतल्या खोलीत. त्याचा पाय ट्रॉलीखाली सापडला तेव्हापासून तो घरीच आहे. आजी आधी काहीच बोलत नाही. मग चहा ठेवते आणि म्हणते, “बाई, पोलिसात किती भरायचं ते एकदा सांगून टाका. शेरडं इकतो.” बाई सांगतात, “आज्जी, मी पैसे मागायला नाही आले. तुमचा नातू कसा आहे तेवढं सांगा.” हा प्रश्न त्या घरात आजवर कोणी विचारलेला नसतो. मग हळूहळू कळते की, बापाचा पाय गेल्यावर मुलगा शाळा सुटल्यावर मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाऊ लागला. आधी संध्याकाळचा, मग दिवसभर. तिथे तांबे काय भावाने जाते ते त्याला कळले, आणि तिथेच ते दोघे भेटले. मजुरी आईच्या हातात आणून देत होता. गेल्या महिन्यात दुकानदाराने काढून टाकले. ते त्याने घरी सांगितलेच नाही. रोज डबा घेऊन निघायचा आणि ओढ्याकाठी बसायचा.

मंडळी, पोलिसांच्या कागदात ‘तांब्याची चोरी’ एवढेच लिहिलेले असते आणि ते खरेच असते. बाईंच्या कागदात डबा घेऊन ओढ्याकाठी बसलेला मुलगा येतो. मंडळाला दोन्ही कागद पाहिजेत. दुसरा कागद नसला, तर पहिल्यावरच निकाल करायची वेळ येते.

यानंतर बाई शाळेत जातात, आणि इथे शिक्षक बंधु-भगिनींनो, आपला संबंध येतो. बाई विचारतात, “गुरुजी, मुलगा कसा आहे?” गुरुजी घाईत असतात. पोषण आहाराचा हिशेब, कसली तरी ऑनलाइन माहिती. ते म्हणतात, “वाया गेलेलं आहे हो ते. काही उपयोग नाही.” हे सात-आठ शब्द बाई लिहून घेतात. त्यांना लिहावेच लागतात. ते शब्द सांगलीला जातात, टाइप होतात आणि तीन माणसांपुढे वाचले जातात. गुरुजींच्या मनात तेवढा अर्थ नव्हता. राग होता, कारण मुलगा हुशार असून बुडवत होता. पण राग कागदावर उतरत नाही, शब्द तेवढे उतरतात.

तेच गुरुजी कपाटातून हजेरीपट काढून पाहतील तर? जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हजेरी भरलेली, नोव्हेंबरात निम्मी, डिसेंबरात कोरी. चाचणीचे गणिताचे गुण बरे. वर्गात मारामारीची एकही तक्रार नाही. हे सांगायला पाच मिनिटे लागतात आणि त्यात कौतुक नाही की निंदा नाही. मुलाची बाजू घ्या असे कोणी सांगत नाही. उगाच चांगले लिहून दिले तर तेही खोटेच. पाहिले तेवढे, तारखेसह सांगा. परिवीक्षा अधिकाऱ्याला हवे असते ते हेच.

शाळेचे आणखी एक काम याहून भारी आहे, आणि त्याची जाणीव फार थोड्यांना असते. गुन्हा घडला त्या दिवशी मुलाचे वय काय होते, यावर सारे अवलंबून. अठरा वर्षांना एक दिवस कमी असेल तर बाल न्याय मंडळ, एक दिवस जास्त असेल तर फौजदारी न्यायालय आणि तुरुंग. हे वय कशावरून ठरवायचे? कायद्याने क्रम लावून दिला आहे. पहिला मान शाळेतल्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा परीक्षा मंडळाच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच डॉक्टरांकडून हाडांची तपासणी. म्हणजे सगळ्यांत आधी विचारले जाते ते तुमचे जनरल रजिस्टर.

आणि आपल्या जनरल रजिस्टरांची कथा आपल्याला ठाऊक आहे! खेड्यापाड्यांत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. आईला तारीख आठवत नव्हती, ‘बेंदराच्या आसपास’ एवढेच सांगता येत होते. मास्तरांनी पहिलीत बसेल असे वय धरून १ जून टाकून दिली. त्या काळी त्यात वावगे कोणाला वाटले नाही. मलाही ती थट्टेची गोष्ट वाटायची. पण पोर शाळेत लवकर बसावे म्हणून सहा महिने वाढवलेले वय बारा वर्षांनी त्याला तुरुंगात घेऊन जाऊ शकते, हे कळल्यापासून थट्टा करवत नाही. आता जन्माची नोंद ग्रामपंचायतीत होते, दवाखान्यात बाळंतपणे होतात. तरी पहिलीत नाव घालताना जन्मदाखला पुढे ठेवूनच तारीख लिहावी. पालावरची मुले, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली मुले, यांच्या बाबतीत तर जास्तच.

ऊसतोडीचे नाव निघाले म्हणून सांगतो. कुंडलला साखर कारखाना आहे. हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात. त्यांतले एखादे पोर अडकले तर परिवीक्षा अधिकाऱ्याची खरी परीक्षा. घर तिकडे बीडला, त्याला कुलूप. आजोळ तिसऱ्याच तालुक्यात. आईबाप पहाटे फडावर, रात्री गाडी भरायला. तारखेला सांगलीला गेले तर त्या दिवसाची तोड बुडते आणि मुकादमाची उचल डोक्यावर असतेच. तिकडच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडून माहिती मागवावी लागते, ती येईपर्यंत हंगाम संपतो आणि टोळी उठते. ‘पालक मिळून आले नाहीत’ असे चार शब्द लिहिले की नमुना भरतो. पण ते लिहिले, की मुलगा निरीक्षणगृहातच राहतो. याच चार शब्दांपायी एखादे पोर महिनोन् महिने आत राहू शकते. अशा वेळी कोपीपर्यंत जाऊन मुकादमाला गाठणारा अधिकारी आणि न जाणारा अधिकारी यांच्यात जो फरक असतो, तो कायद्याच्या पुस्तकात सापडायचा नाही.

अहवाल तयार झाला की मंडळाची बैठक. हे न्यायालय दिसायला न्यायालयासारखे असू नये असा नियम आहे. उंच चौथरा नको, पिंजरा नको, पोलीस आलाच तर साध्या कपड्यात. तिघे जण बसतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक. त्या दोघांत निदान एक स्त्री असलीच पाहिजे. हे समाजसेवक वकील असावेच लागतात असे नाही. मुलांच्या आरोग्याच्या, शिक्षणाच्या किंवा कल्याणाच्या कामात सात वर्षे घालवलेला माणूस त्या खुर्चीवर बसू शकतो. आणि तो नुसता शोभेला नसतो. मतभेद झाला तर बहुमताने निर्णय होतो. म्हणजे दोघे समाजसेवक एका मताचे झाले तर न्यायदंडाधिकाऱ्याचे मत मागे पडते. ही रचना २००० सालच्या कायद्याने आली आणि २०१५ च्या कायद्यात टिकली. निवृत्त मुख्याध्यापक, अंगणवाडीचे काम वर्षानुवर्षे पाहिलेल्या बाई, अशा माणसांनी या जागांसाठी अर्ज करायला हवेत असे मला फार वाटते. पण या जागा असतात हेच गावात कोणाला माहीत नसते.

इथवर ऐकून कुंडलचा एखादा म्हातारा म्हणेल, “आमच्या गावाला ह्ये काय नवं न्हाई.” आणि त्याचे बरोबर आहे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे मोठे ठाणे होते, जी. डी. बापू लाड इथलेच. गावोगावी न्यायदान मंडळे बसत, कोर्टात वर्षानुवर्षे पडलेली भांडणे गावकरीच मिटवत. शिक्षाही तितकीच झटपट असे. ‘पत्री सरकार’ या नावामागे पायाला पत्री ठोकण्याची गोष्ट लोक सांगतात, ती उगाच नाही. गुंडांना, सावकारांना, खबऱ्यांना जरब बसवण्याचा तो काळ होता. पंधरा वर्षांच्या पोराला तो मापदंड लावू नये, इतकेच.

याच मातीत दुसरीही एक रीत होती. स्वातंत्र्यापूर्वी कुंडल औंध संस्थानात होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनालगत, औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. तिथे रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. लोकांना तो वेडेपणा वाटला असेल. ज्याला चोरी कशी होते ते ठाऊक, त्याच्याच हातात कंदील द्यायचा! पुढे १९३९ च्या सुमारास त्याच संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरची वसाहत निघाली. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरच्या डोक्यातून आलेली ही कल्पना अशी की, कैद्यांना भिंतीवाचून ठेवायचे, जमीन द्यायची, बायकामुले जवळ राहू द्यायची. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट त्यावरूनच सुचला. त्याची कथा लिहिली ती याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी. हे सगळे मोठ्या माणसांचे झाले. खुनासारख्या गुन्ह्यातल्या कैद्यावर ज्या मुलखाने असा भरवसा टाकून पाहिला, तिथे केबल चोरणाऱ्या पोराची चौकशी नीट व्हावी, एवढेच मागणे आहे.

मुलांचा स्वतंत्र कायदा मुंबई इलाख्यात १९२४ सालीच आला. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि अशा कामासाठी शिकलेली माणसे हवीत म्हणून १९३६ साली टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्याची शाळा निघाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. म्हणजे परिवीक्षा अधिकारी हा काही परवा जन्माला आलेला प्राणी नव्हे.

तुम्ही म्हणाल, “हे सगळं ठीक आहे, पण पुण्याचं काय?” विचारणे रास्त आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण जिवांचा बळी घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा. मंडळाच्या एकाच सदस्यापुढे त्याला उभे केले गेले आणि त्याच दिवशी जामीन झाला. अटीत रस्ते-अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. राज्यभर चीड उसळली. तेव्हापासून बाल न्याय मंडळ म्हटले की लोकांना निबंध आठवतो. माझे मत विचाराल तर, गेलेल्या माणसांच्या घरच्यांना त्या निबंधाने जे वाटले असेल ते योग्यच होते. पण ध्यानात घ्या, त्या दिवशी पुढ्यात मुलाची पुरती हकिगत नव्हती आणि तिघे बसलेले नव्हते. घाई झाली की कायदा हास्यास्पद होतो, श्रीमंताच्या बाबतीत आणि गरिबाच्याही. श्रीमंताचे चार दिवसांत पेपरात येते. गरिबाचे कोणी छापत नाही. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने खुनासारखा निर्घृण गुन्हा केला असेल, तर त्याची समज आणि परिस्थिती तपासून मंडळ त्याला मोठ्यांसारख्या खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते, हेही त्याच कायद्यात आहे. त्या तपासणीतही परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहिला जातो.

आपल्या मुलाचा गुन्हा किरकोळ वर्गातला. अशी चौकशी चार महिन्यांत संपावी, फार तर आणखी दोन महिने. तेवढ्यात संपली नाही तर प्रकरणच बंद होते. मंडळ काय काय करू शकते? समज देऊन घरी पाठवू शकते. समुपदेशनाला बसवू शकते. समाजसेवेचे काम देऊ शकते. दंड करू शकते. आईबापांच्या हवाली करून तीन वर्षांपर्यंत परिवीक्षेवर ठेवू शकते. आणि अगदी शेवटी, तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात पाठवू शकते. यांतले कोणते निवडायचे हे ठरते ते त्या अहवालावर. घर त्याला धरून ठेवील का? शाळा परत घेईल का? गावातले कोणी मोठे माणूस लक्ष ठेवील का?

समजा, आपल्या मुलाला परिवीक्षेवर सोडले. आता बाईंचे निम्मे काम संपले आणि निम्मे सुरू झाले. मधूनमधून त्या घरी येणार, शाळेत येणार, मंडळाला कळवणार. ज्या शेतकऱ्याची केबल गेली त्याच्या दारात मुलाला घेऊन जायचे की नाही, हे त्यांना ठरवायचे असते. कायदा तसे सांगत नाही आणि अडवतही नाही. शेतकरी दारातूनच हाकलून देऊ शकतो, आणि तो हक्क त्याचा आहे. कधी तो म्हणतो, “नुकसानीचं काय?” तेव्हा बाईंकडे उत्तर नसते. ही या कामातली सर्वांत अवघड जागा. नुकसान झालेल्या माणसाचे ऐकून घेणारे सरकारी माणूस कोणी येत नाही, आणि मुलासाठी येते. त्याला हे बोचते. बाई शहाण्या असतील तर त्याच्या ओट्यावर बसून आधी त्याचेच ऐकून घेतील.

मुलगा शाळेत परत येतो तो दिवस फार अवघड. वर्गात कोणी तरी ‘केबल’ म्हणून हाक मारतेच. तेव्हा फळ्याकडे तोंड करून असलेल्या गुरुजींनी ती हाक ऐकली की नाही, याकडे साऱ्या वर्गाचे लक्ष असते, आणि त्या मुलाचे सर्वांत जास्त. हे हाताळायचे कसे, ते तुम्हाला मी काय सांगणार! बाकावर त्याच्या शेजारी कोणाला बसवायचे, बुडालेले धडे कोणाच्या वहीतून उतरवून घ्यायचे, हे वर्गशिक्षकालाच कळते.

एक गोष्ट मात्र सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत नसते. प्रकरण संपले, अपिलाची मुदत गेली, की अशा मुलाची कागदपत्रे नष्ट करावीत असे कायदा सांगतो. अपवाद मोठ्या गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चाललेल्या मुलाचा. चारित्र्याचा दाखला देताना पोलिसांनीही त्या जुन्या प्रकरणाचा उल्लेख करायचा नाही. उद्या हा मुलगा दहावी होऊन शाळा सोडल्याचा दाखला मागायला येईल. दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्याच्या खाली ‘शेरा’. लेखनिकाने गावातली गोष्ट ऐकलेली असते, आणि हातात पेन असते. तेव्हा तो दाखला सहीला समोर आला, की सही करण्याआधी ते दोन रकाने मुख्याध्यापकांनी स्वतः वाचून पाहावेत.